क्लस्टर डोकेदुखी : वाचकांच्या शंका आणि उपचारांचे पर्याय

मागील अंकात डोकेदुखीच्या प्रकारांविषयी लिहिताना क्लस्टर डोकेदुखीच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला होता. त्यावर आलेली पत्रे वाचल्यानंतर हा अंक केवळ त्याच विषयाला द्यावा असे ठरवले, कारण बहुतेक पत्रांतील कहाणी एकच आहे : दुखणे भयंकर, निदान उशिरा आणि हाती पडलेल्या गोळ्या निरुपयोगी. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. औषधांच्या मात्रा माहितीसाठी दिल्या आहेत. औषध सुरू करणे, वाढवणे किंवा थांबवणे हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच असावा.

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ३८ आहे. गेली काही वर्षे माघ-फाल्गुनाच्या सुमारास त्यांना रात्री एकच्या आसपास उजव्या डोळ्यामागे आणि कानशिलात असह्य ठणका सुरू होतो. तोच डोळा लाल होऊन त्यातून पाणी वाहते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते, पापणी खाली येते. ते अंथरुणावर टिकत नाहीत, ओसरीवर येरझाऱ्या घालतात, कधी डोके भिंतीवर आपटतात. तासाभराने सारे शांत होते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तीच वेळ. दीड-दोन महिन्यांनी आपोआप थांबते. सायनसचे उपचार झाले, दाढ काढून झाली, चष्मा बदलला, पित्तावरची औषधे झाली. आता मायग्रेन म्हणून प्रोप्रॅनोलॉल आणि वेदनाशामक गोळ्या चालू आहेत. फरक नाही. काय करावे? (सातारा जिल्ह्यातील वाचक भगिनी)

उत्तर : केवळ पत्रावरून निदान करू नये हे मान्य करूनही मी म्हणेन की आपण लिहिलेली लक्षणे मायग्रेनपेक्षा क्लस्टर डोकेदुखीशी कितीतरी अधिक जुळतात. मायग्रेनचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहू पाहतो, हालचाल झाली की त्याचे दुखणे वाढते; क्लस्टरच्या रुग्णाला मात्र एका जागी बसवत नाही. झटका १५ मिनिटे ते ३ तास टिकतो, दिवसाआड एकापासून दिवसाला ८ पर्यंत झटके येऊ शकतात, वेदना एकाच बाजूला डोळ्याभोवती, भुवईवर किंवा कानशिलात असते आणि त्याच बाजूचा डोळा, नाक व पापणी तिच्यात सामील होतात. घड्याळ लावल्यासारखी ठरावीक वेळ आणि वर्षातील ठरावीक काळ ही या विकाराची खास खूण आहे. साधारण हजारांत एका माणसाला हा विकार असतो, त्यामुळे एखाद्या कौटुंबिक डॉक्टरांनी उभ्या कारकिर्दीत असे मोजकेच रुग्ण पाहिलेले असतात. निदान लांबते ते बहुधा यामुळे. दाढ काढणाऱ्या दंतवैद्यांना किंवा चष्मा बदलून देणाऱ्यांना दोष देऊन काही साधणार नाही. पण आता मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे.

हे होते तरी का, असेही आपण पत्रात विचारले आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो आणि झोप-जाग, दिवस-रात्र यांचे वेळापत्रक तो सांभाळतो. लंडनमधील संशोधकांनी १९९८ साली झटका चालू असताना रुग्णांच्या मेंदूचे पेट स्कॅन घेतले, तेव्हा हायपोथॅलॅमसचा मागील भाग सक्रिय झालेला दिसला. चेहऱ्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस उद्दीपित होते आणि तिच्या जोडीने डोळ्यातील पाणी व नाकातील स्राव वाढवणाऱ्या नसाही जाग्या होतात. म्हणूनच आपल्या यजमानांचे नाक चोंदते. सायनसमध्ये पू झाल्यामुळे नव्हे. सायनसच्या जंतुसंसर्गात दुखणे रोज तासभरच येऊन ठरल्या वेळी निघून जात नाही.

आता उपचारांकडे वळू. या विकाराचे उपचार तीन पातळ्यांवर चालतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो. पहिली पातळी म्हणजे आलेला झटका मोडणे. दुसरी म्हणजे सुरू झालेल्या हंगामाचे, म्हणजे झटके येत राहण्याच्या काळाचे, पहिले दोन-तीन आठवडे निभावून नेणारे तात्पुरते औषध. तिसरी म्हणजे हंगाम संपेपर्यंत रोज घ्यायचे प्रतिबंधक औषध.

झटका मोडण्यासाठी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा तत्सम गोळ्यांचा उपयोग होत नाही. पोटातून गोळी रक्तात उतरेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो आणि तोवर झटका शिगेला पोचलेला किंवा ओसरू लागलेला असतो. मग गोळीने गुण आला असा समज होतो आणि गोळ्यांची संख्या वाढत जाते. ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय औषधे तर टाळलीच पाहिजेत. ज्यांचा परिणाम ठोसपणे सिद्ध झाला आहे अशा दोन गोष्टी आहेत : मोठ्या प्रवाहाने दिलेला शुद्ध ऑक्सिजन आणि सुमाट्रिप्टानचे ६ मिलिग्रॅमचे त्वचेखालील इंजेक्शन. ऑक्सिजनविषयी पुढच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहितो. सुमाट्रिप्टानची चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत १५ मिनिटांत सुमारे ७४ टक्के झटके सौम्य झाले, तर औषधविरहित इंजेक्शनाने २६ टक्के. हे इंजेक्शन इन्सुलिनप्रमाणे घरच्या घरी मांडीत किंवा दंडावर घेता येते, डॉक्टरांकडून एकदा नीट शिकून घेतले म्हणजे झाले. दोन इंजेक्शनांमध्ये किमान एक तासाचे अंतर ठेवावे आणि २४ तासांत दोनांपेक्षा अधिक घेऊ नयेत. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, पूर्वी झालेला पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ते वर्ज्य आहे, त्यामुळे चाळिशीजवळच्या आणि विशेषतः धूम्रपान करणाऱ्या पुरुषाने आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. ज्यांना सुई नको वाटते त्यांच्यासाठी सुमाट्रिप्टान किंवा झोल्मिट्रिप्टानचा नाकात मारायचा फवारा हा पर्याय आहे. तो गोळीपेक्षा लवकर आणि इंजेक्शनापेक्षा उशिरा काम करतो. ही औषधे प्रत्येक औषधदुकानात असतातच असे नाही, म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच ती मागवून ठेवावीत.

एक गोष्ट मुद्दाम विचारतो : मायग्रेनसाठी अर्गोटामिन असलेली गोळी तर चालू नाही ना? आपल्याकडे ती सर्रास वापरली जाते. अर्गोटामिन आणि सुमाट्रिप्टान २४ तासांच्या आत एकापाठोपाठ घेतल्यास हृदयाच्या रक्तवाहिन्या धोकादायकपणे आकुंचन पावू शकतात. गोळ्यांच्या पाकिटावरील घटक वाचून घ्या आणि सर्व पाकिटे तज्ज्ञांकडे घेऊन जा.

तात्पुरत्या उपचारात स्टिरॉइडचा क्रम लागतो. जर्मनीतील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, प्रेडनिसोन १०० मिलिग्रॅम पाच दिवस देऊन नंतर दर तीन दिवसांनी २० मिलिग्रॅमने कमी करत नेले. पहिल्या आठवड्यातील झटक्यांची सरासरी औषधविरहित गोळ्या घेणाऱ्यांत ९.५, तर प्रेडनिसोन घेणाऱ्यांत ७.१ होती. हा फरक फार मोठा नाही, परंतु रोज रात्री मरणप्राय वेदना सोसणाऱ्याला त्याचे मोल कळते. मधुमेह, आम्लपित्ताचे व्रण किंवा जुना क्षयरोग असेल तर स्टिरॉइड जपून द्यावे लागते, आणि दर हंगामात अनेकवार घेत राहिल्यास हाडे व डोळे यांवर परिणाम होतो. याला दुसरा पर्याय म्हणजे डोक्याच्या मागील बाजूस, कवटीच्या तळाजवळ, ऑक्सिपिटल नसेभोवती स्टिरॉइड व भूल देणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देणे. ते बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होते आणि अनेक रुग्णांना त्याने काही आठवडे उसंत मिळते. माझ्या मते ते जितके वापरले जावे तितके वापरले जात नाही.

प्रतिबंधासाठी पहिली पसंती वेरापामिलला आहे; त्याचे तपशील पुढे आले आहेत. परंतु प्रोप्रॅनोलॉल चालू असताना वेरापामिल सुरू करू नये, कारण दोन्ही मिळून हृदयाची गती फारच मंदावू शकते. प्रोप्रॅनोलॉलही एकाएकी सोडायचे नसते, ते टप्प्याटप्प्याने उतरवावे लागते. म्हणून आपल्या यजमानांच्या बाबतीत हा बदल तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावा. मेंदूचा एमआरआय एकदा करून घ्यावा आणि त्यात पिट्युटरी ग्रंथीकडे लक्ष देण्यास सांगावे, कारण तेथील गाठ क्वचित हुबेहूब अशीच डोकेदुखी निर्माण करते.

प्रश्न : मला क्लस्टर डोकेदुखी असल्याचे निदान झाले असून डॉक्टरांनी ऑक्सिजन लिहून दिला आहे. कोविडच्या काळात आम्ही ५ लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले होते. त्यावर नाकातली नळी लावून पाहिली, गुण आला नाही. तालुक्याच्या रुग्णालयातही ऑक्सिजन लावला, तेथेही उपयोग झाला नाही. ऑक्सिजन मला लागू पडत नाही असे समजावे का? (नाशिक)

उत्तर : मुळीच समजू नये. आपल्याला अजून या विकारासाठी लागणारा ऑक्सिजन मिळालेलाच नाही. कॉन्सन्ट्रेटर श्वसनाच्या रुग्णांना दीर्घकाळ थोडा थोडा ऑक्सिजन देण्यासाठी बनवलेले असते. ५ लिटरच्या यंत्राचा प्रवाह अपुरा पडतो, आणि नाकातल्या नळीतून श्वास घेताना आजूबाजूची हवा मिसळते, त्यामुळे फुप्फुसात पोचणारे प्रमाण आणखी घटते. रुग्णालयातही बहुधा २ ते ४ लिटरवर नळी लावली असणार. २००९ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील चाचणीत १०० टक्के ऑक्सिजन मिनिटाला १२ लिटर या गतीने मुखवट्यातून १५ मिनिटे दिला होता. ७८ टक्के झटक्यांत वेदना गेली किंवा पुरेशी उतरली, आणि त्याच मुखवट्यातून साधी हवा दिली तेव्हा हे प्रमाण २० टक्के होते. इतका चांगला परिणाम देणारे, हृदयरोग असलेल्यांनाही चालणारे, दिवसातून कितीही वेळा घेता येणारे दुसरे औषध या विकारात नाही, आणि तरीही आपल्याकडे ते सर्वांत कमी वापरले जाते याचा मला मनापासून खेद वाटतो.

आपल्याला तीन वस्तू लागतील : वैद्यकीय ऑक्सिजनचे सिलिंडर, मिनिटाला १५ लिटरपर्यंत प्रवाह दाखवणारा फ्लोमीटर, आणि खाली पिशवी असलेला नॉन-रिब्रीदर मुखवटा. घरी आणता येईल असे ‘बी टाइप’ सिलिंडर भरलेले असताना साधारण १५०० लिटर ऑक्सिजन देते. १२ लिटरच्या गतीने १५ मिनिटांच्या एका वापरात १८० लिटर जातात, म्हणजे एका सिलिंडरमध्ये सुमारे आठ झटके निघतात. रोज दोन-तीन झटके येत असतील तर ते तीन-चार दिवसांत संपेल. अशा वेळी सुमारे ७००० लिटरचे मोठे ‘डी टाइप’ म्हणजेच जंबो सिलिंडर हंगामापुरते भाड्याने घेणे परवडते. पुरवठादाराकडे डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्यावी आणि तीत प्रवाहाची गती व मुखवट्याचा प्रकार स्पष्ट लिहून घ्यावा.

वापरण्याची पद्धत महत्त्वाची आहे. झटक्याची चाहूल लागताच, ठणका चढण्याची वाट न पाहता, सिलिंडर उघडून आधी मुखवट्याची पिशवी पूर्ण फुगू द्यावी आणि मगच तो तोंडावर घट्ट लावावा. नाकाजवळून फट राहत असेल तर हाताने दाबून धरावा. ताठ बसून किंवा किंचित पुढे वाकून संथ व खोल श्वास घ्यावा. वेदना थांबली तरी आणखी पाचएक मिनिटे चालू ठेवावे. पिशवी श्वासागणिक पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह १५ लिटरपर्यंत वाढवावा. काहींना ऑक्सिजनने झटका थांबतो आणि तासाभरात परत येतो. त्यांनी इंजेक्शन जवळ ठेवावे.

धोका आगीचा आहे. त्या खोलीत विडी-सिगारेट नको, देवघरातील समई किंवा उदबत्ती नको, गॅसची शेगडी नको. सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लागू देऊ नयेत, आणि ते भिंतीला साखळीने बांधून उभे ठेवावे. जुनाट दम्यासारखा फुप्फुसाचा विकार, विशेषतः दीर्घ धूम्रपानामुळे झालेला सीओपीडी, असेल तर ऑक्सिजन सुरू करण्यापूर्वी छातीच्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

प्रश्न : माझा रक्तदाब अगदी व्यवस्थित असताना डॉक्टरांनी वेरापामिल हे रक्तदाबाचे औषध दिले आहे. मात्रा वाढवताना दर वेळी ईसीजी काढायला सांगतात. हा खर्च खरोखर गरजेचा आहे का? (पुणे)

उत्तर : गरजेचा आहे, आणि आपले डॉक्टर काळजीपूर्वक काम करत आहेत असे मी निःशंकपणे म्हणेन. वेरापामिल हृदयासाठी तयार झाले हे खरे, परंतु क्लस्टर डोकेदुखीच्या प्रतिबंधासाठी आज ते पहिल्या क्रमांकाचे औषध मानले जाते. इटलीत २००० साली झालेल्या चाचणीत दिवसाला ३६० मिलिग्रॅम मात्रेने दुसऱ्या आठवड्यात झटके स्पष्टपणे कमी झाले होते. सामान्यतः ८० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा अशी सुरुवात करून एक-दोन आठवड्यांनी ८० मिलिग्रॅमने वाढवतात. बऱ्याच जणांना ३६० ते ४८० मिलिग्रॅम पुरते, काहींना त्याहून अधिक, अगदी ९६० पर्यंत जावे लागते; रक्तदाबाच्या रुग्णाला सहसा इतके दिले जात नाही. मात्रा वाढली की हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युत संदेश मंदावतो आणि क्वचित पूर्ण अडतो. रुग्णाला बाहेरून काहीही जाणवत नसताना तो बदल ईसीजीत दिसतो. म्हणून औषधापूर्वी एक, प्रत्येक वाढीनंतर साधारण दहा दिवसांनी एक, आणि मात्रा स्थिरावल्यावरही अधूनमधून एक, असा क्रम असतो, कारण काही बदल उशिरा उमटतात. चक्कर येणे, नाडी मंद होणे, धाप लागणे यांपैकी काही झाल्यास पुढची गोळी न घेता डॉक्टरांना दाखवावे.

बद्धकोष्ठ हा याचा हमखास त्रास आहे. इसबगोल आणि भरपूर पाणी यांनी तो बहुधा आटोक्यात राहतो. पायांवर सूज येऊ शकते, हिरड्या वाढू शकतात. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तसे सांगावे, कारण काही स्टॅटिन औषधांचे रक्तातील प्रमाण वेरापामिलमुळे वाढते. झटके थांबून दोन-तीन आठवडे झाले की औषध हळूहळू उतरवतात आणि पुढच्या हंगामाची पहिली चाहूल लागताच पुन्हा सुरू करतात. वर्षभर घेत राहण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला हा आजार आहे. झटका आला की ‘यापेक्षा मेलेलं बरं’ असे तो म्हणतो. घरचे म्हणतात, दुखणे गेले की विसरेल. मला भीती वाटते. (सांगली जिल्हा)

उत्तर : आपली भीती योग्य आहे आणि ती गांभीर्याने घ्यावी. ही माणसाला होणाऱ्या सर्वांत तीव्र वेदनांपैकी एक आहे, आणि ऐन झटक्यात तसेच पुढच्या झटक्याची वाट पाहताना अनेक रुग्णांच्या मनात आत्महत्येचे विचार येतात हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. झटका नसताना, दादा शांत असताना, त्यांना सरळ विचारा की जीव देण्याचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट कुणीतरी आपले ऐकतेय याचा दिलासा मिळतो. उत्तर होकारार्थी असेल तर त्यांना एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

घरात शेतीची कीटकनाशके असतील तर ती हलवा किंवा कुलूपबंद करा. औषधांचा साठाही घरातील दुसऱ्या माणसाकडे ठेवा आणि एका वेळी आठवड्याचीच औषधे बाहेर काढा. वेरापामिल आणि लिथियम ही दोन्ही औषधे या विकारात गुणकारी आहेत, पण जास्त प्रमाणात पोटात गेल्यास प्राणघातक ठरतात. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. मात्र केवळ समुपदेशनावर थांबू नका. दादांच्या या विचारांमागे जी वेदना आहे तिच्यावर प्रभावी उपचार आहेत. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांना हे शब्द जसेच्या तसे सांगा आणि घरी ऑक्सिजन, जवळ सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन व ऑक्सिपिटल नसेभोवतीचे इंजेक्शन यांची व्यवस्था याच आठवड्यात करण्याची विनंती करा. झटका चालू असताना ‘थोडं सहन कर’ असे त्यांना कुणी म्हणू नये.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. डाव्या डोळ्यामागे दिवसातून दहा-बारा वेळा, प्रत्येक वेळी दहा ते पंधरा मिनिटे, जीवघेणे दुखते आणि डोळ्यातून पाणी येते. क्लस्टर म्हटले गेले, पण हा पुरुषांचा आजार आहे असेही सांगितले. वेरापामिलचा उपयोग झाला नाही. (कोल्हापूर)

उत्तर : क्लस्टर डोकेदुखी पुरुषांत सुमारे तिपटीने अधिक आढळते, पण ती स्त्रियांनाही होते. आपले दुखणे मात्र कदाचित तिच्या जवळच्या नात्यातले, पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया नावाचे असावे. त्यातील झटके २ ते ३० मिनिटांचे असतात, दिवसाला पाचांहून अधिक येतात, आणि इंडोमेथासिन या एकाच औषधाने ते पूर्णपणे थांबतात. इतके की तो गुण हाच निदानाचा पुरावा मानला जातो. साधारण २५ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा अशी सुरुवात करून गरजेप्रमाणे मात्रा वाढवतात आणि सोबत पोटाच्या रक्षणासाठी औषध देतात. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा वेदनाशामकांनी उठणारा दमा असेल तर ते चालत नाही. आपल्या डॉक्टरांना ही चाचणी करून पाहण्याविषयी अवश्य विचारा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. येथे क्लस्टरसाठी गॅल्कानेझुमॅबचे इंजेक्शन मिळते असे कळले. ठाण्यातील माझ्या भावाला वर्षभर खंड न पडता झटके येतात. ते औषध त्याला पाठवावे का? (अमेरिका)

उत्तर : पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सीजीआरपी नावाचे प्रथिन या वेदनेत महत्त्वाची भूमिका बजावते आणि गॅल्कानेझुमॅब त्याला निष्प्रभ करते. अमेरिकेत जून २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती हंगामी क्लस्टरसाठी, महिन्याला ३०० मिलिग्रॅम या मात्रेने. युरोपच्या औषध संस्थेने याच वापरासाठी मान्यता नाकारली. दीर्घकालीन क्लस्टरवर, म्हणजे वर्षभरात सलग तीन महिन्यांचीही सुटका नसलेल्या ज्या प्रकाराचे आपण वर्णन करता त्यावर, झालेल्या चाचणीत ते निष्प्रभ ठरले. शिवाय ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, आणि प्रवासात ती साखळी तुटली तर सारा खर्च वाया जातो.

आपल्या बंधूंसाठी ठाण्या-मुंबईतच पुष्कळ करता येण्यासारखे आहे. वेरापामिल पूर्ण मात्रेपर्यंत नेले होते का, हे आधी पाहावे. २४० मिलिग्रॅमवर थांबून ‘लागू पडले नाही’ असा शिक्का बसलेले रुग्ण मी नेहमी पाहतो. त्यानंतर लिथियम, जे दीर्घकालीन प्रकारात विशेष उपयोगी पडते, पण त्यासाठी रक्तातील पातळी, थायरॉइड व मूत्रपिंड यांच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात. लिथियम चालू असताना डायक्लोफिनॅक-आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि लघवी वाढवणारी औषधे विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यांनी लिथियमची पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते. टोपिरामेट हा आणखी एक पर्याय आहे. त्याने वजन घटते, बोटांना मुंग्या येतात, शब्द चटकन आठवत नाहीत आणि मुतखडा होण्याची शक्यता वाढते. रात्री १० मिलिग्रॅम मेलाटोनिन जोडीला देतात. पुरावा थोडा आहे, पण त्रासही फारसा नाही.

सारी औषधे थकल्यावर ऑक्सिपिटल नसेजवळ विद्युत उत्तेजक बसवण्याची शस्त्रक्रिया विचारात घेता येते. नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यातील झटके निम्म्यावर आले, मात्र कमी व जास्त तीव्रतेच्या विद्युत्प्रवाहाचा परिणाम सारखाच दिसला. हायपोथॅलॅमसमध्येच इलेक्ट्रोड बसवण्याचा प्रयोग मिलान येथे २००० साली झाला. त्यात मेंदूतील रक्तस्रावाची जोखीम असल्याने तो अगदी शेवटचा मार्ग आहे.

प्रश्न : दारू, तंबाखू आणि दुपारची झोप यांचा या डोकेदुखीशी संबंध आहे का? नाकात तेलाचे थेंब सोडल्याने बरे होते का? (लातूर)

उत्तर : हंगाम चालू असताना थोडीशी दारूही बहुधा तासाभरात झटका आणते, हंगामाबाहेर तीच दारू काही करत नाही, आणि हा फरक निदानालाही मदत करतो. या रुग्णांत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे आहे, पण सोडल्याने झटके थांबतात असे खात्रीने सांगता येत नाही. तरीही सोडावे, कारण हृदय निरोगी असेल तरच सुमाट्रिप्टानचा मार्ग मोकळा राहतो. दुपारची डुलकी हंगामात टाळावी. हृदयरुग्णाला दिलेली जिभेखालची नायट्रोग्लिसरीनची गोळी झटका आणू शकते, तेव्हा ती स्वतः बंद न करता डॉक्टरांच्या कानावर घालावे. तेलाच्या थेंबांनी झटका मोडतो असा पुरावा नाही. कुणाला त्याने नाकाला बरे वाटत असेल तर हरकत नाही, पण ऑक्सिजन किंवा इंजेक्शन थांबवून तो प्रयोग करू नये.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे आणि दोन वर्षांनी पुन्हा झटके सुरू झाले आहेत. मी काय घेऊ शकते? (रत्नागिरी)

उत्तर : आपल्यासाठी ऑक्सिजन हा पहिला व सर्वांत निर्धास्त उपाय आहे, वर नाशिकच्या पत्राला दिलेल्या पद्धतीने तो आजच सुरू करता येईल. तेवढ्याने न भागल्यास ऑक्सिपिटल नसेजवळचे इंजेक्शन, अगदी थोड्या दिवसांचे स्टिरॉइड किंवा वेरापामिल यांचा विचार मेंदूविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून करावा. सुमाट्रिप्टानचा गरोदरपणातील अनुभव बऱ्यापैकी दिलासादायक आहे, परंतु तोही निर्णय त्यांच्यावरच सोपवावा. लिथियम, टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट यांपासून मात्र दूर राहावे. घरात जुन्या हंगामातील अशा गोळ्या उरल्या असतील तर त्या वापरू नयेत. मुदतीपूर्वी डोकेदुखीचे स्वरूप बदलले, दोन्ही बाजूंना दुखू लागले, दृष्टी अंधूक झाली, चेहरा-हात सुजले किंवा रक्तदाब वाढला, तर ती क्लस्टर समजून घरी थांबू नका. ती गर्भावस्थेतील रक्तदाबाच्या विकाराची लक्षणे असू शकतात आणि तेव्हा तडक प्रसूती रुग्णालय गाठावे.